बिनपिसाचे दहा तीर

खजिन्यावरच्या पहारेकऱ्याने सहाचे टोले दिले, त्याला वीस मिनिटं झाली होती. अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या छपरीत पुंजाराम सुतार उजेडाकडे तोंड करून बसला होता आणि एका लाकडी पेटीत तीर घालून, तीर आणि पेटीची भिंत यांच्यामधून तिळाचा दाणा खाली जातो का ते पाहत होता. पेटी सागाची होती. वीतभर उंच, दीड वीत लांब, आणि आत बोट जेमतेम जाईल एवढी अरुंद. रात्रभर त्याने ती मुद्दाम उघड्यावर, दवात ठेवली होती. तीळ मध्येच अडकला. कोरड्या पेटीतून तसाच तीळ सरळ खाली गेल्याचं त्याला आठवत होतं.

तारीख २० नोव्हेंबर १८६४, वार इतवार. इतवारी अमरावतीचा बाजार, म्हणून कापूस वेचणीला सुट्टी. सोमवारी सकाळी ही पेटी घेऊन पुंजारामची बायको गोदाबाई महादेवराव पाटलांच्या नाल्याकाठच्या वावरात, कडुनिंबाखाली बसणार होती. त्या कडुनिंबाला वेचणीच्या वेळी चार झोळ्या टांगलेल्या असतात. एका झोळीत पुंजारामची पाच महिन्यांची नात असते. शनिवारी त्या झोळीपासून बारा पावलांवर लांडगा आला होता, आणि तीर सोडणारी ही पेटी तिसऱ्या तिराला अडकली होती.

लांडगा नवा नव्हता, जागा नवी होती. तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला. तेव्हापासून वऱ्हाडात जिथे नांगर टेकेल तिथे कापूस लागला होता. नाल्याकाठची बोरी-बाभळीची झुडपं पाटलांनी गेल्या वैशाखात तोडली आणि तिथेही सरकी टाकली. झुडपांत राहणारं जनावर कुठे जाणार, हे कोणी विचारलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी पलीकडच्या शिवारात धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झोळीतून दोन महिन्यांचं मूल गेलं. झोळी सापडली.

बंदूक पाटलांकडेही नव्हती. शेतावरचा जागल्या नत्थुजी गोफण चालवत असे, पण एका माणसाला सगळं शिवार सांभाळायचं होतं. वेचणारणींना झाडाखाली थांबता येत नव्हतं. राहिली गोदाबाई. दोन वर्षांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवरून पडली आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. त्या हाताने वेचणी होत नाही, गोफण फिरत नाही, साधा कमठाही, म्हणजे धनुष्यही, ओढला जात नाही. म्हणूनच ती झोळ्यांपाशी बसत असे, आणि म्हणूनच पुंजारामने तिच्यासाठी हा पेटीचा कमठा तयार केला होता. तो कमरेशी धरून चालवायचा असतो. दांडा पुढे लोटायचा, मागे ओढायचा. तीर सुटतो आणि दुसरा आपोआप खाली येतो. येणं अपेक्षित असतं.

पुंजाराम तेव्हा बावन्न वर्षांचा होता. मूळचा दर्यापूरकडचा. बाप तिफणी आणि वखरं करायचा. तो स्वतः अमरावतीला आला तो रेचे करायला. सरकी आणि रुई वेगळी करणारा हा हातरेचा म्हणजे दोन लाट्या, म्हणजे फिरते गोल दांडे, एक लोखंडाची, एक लाकडाची, आणि त्यांच्यामधली फट. रुई फटीतून पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. फट जास्त झाली तर सरकी चिरडते, कमी झाली तर रुईच जात नाही. वीस वर्षं पुंजारामने मुख्यतः ही फट केली. तो ती तिळाने मोजत असे. कापसाची तेजी आल्यापासून त्याच्या छपरीत रेच्यांची रांग लागलेली असायची. त्या महिन्यात मात्र तीन रेचे अर्धवट पडले होते आणि तो कमठ्याच्या मागे होता.

कमठा त्याने शोधून काढलेला नव्हता. त्याचा मुलगा गोवर्धन कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला जात असे. तिथल्या एका अडत्याच्या माळ्यावर ही वस्तू मोडकी पडली होती. अडत्याच्या मुंबईच्या नातलगाने ती चीनला जाणाऱ्या गलबतावरच्या खलाशाकडून गंमत म्हणून घेतली होती. अडत्या ती चुलीत घालायला निघाला, तेव्हा गोवर्धनने बापासाठी मागून घेतली.

खाली हातभर लांबीचा ठोकळा, त्याच्या पुढच्या टोकाला आडवी बांबूची कमान. ठोकळ्यावर मागेपुढे होणारी पेटी. ठोकळा आणि पेटी दोन्हींना धरणारा एक दांडा. पेटीचा तळ फुटला होता, दोरी तुटली होती, काहीतरी एक लहानसं हरवलं होतं. दोन तीर उरले होते, आणि त्यांना पिसं नव्हती.

पुंजारामने ती वस्तू आठ दिवस नुसती पाहिली. यंत्र काय करत होतं ते लाकूड कुठे घासलंय त्यावरून कळतं, असं तो म्हणे. पेटीच्या तळाशी दोन्ही भिंतींतून आरपार एक लांबट फट होती आणि फटीच्या मागच्या टोकाला खाच. खाचेची कड काळी आणि गुळगुळीत होती. म्हणजे दोरी इथे बसत होती. पेटी पुढे लोटली की दोरी फटीतून सरकत मागच्या खाचेत यायची; पेटी मागे ओढली की दोरीला घेऊनच यायची, आणि कमान वाकायची. मग दोरी सोडत कोण होतं? खाचेच्या खाली एक भोक होतं. पेटी अगदी मागे येऊन टेकते तिथे ठोकळ्यावर एक ठसा पडला होता. हरवलेली वस्तू म्हणजे त्या भोकातली सैल खुंटी असणार. पेटी ठोकळ्यावर टेकली की खुंटी खालून वर सरकणार आणि दोरीला खाचेतून उचलून देणार. त्याने बैलाच्या शिंगाची खुंटी कातून घातली. तसंच झालं.

तिरांचा प्रश्न राहिला. पेटीत एकावर एक दहा तीर. एका वेळी एकच खाली यायला हवा, तोही दोरी मागे गेल्यावरच. पुंजारामने आधी दार म्हणून एक लाकडी जीभ बसवली. ती दर वेळी दोरीच्या वाटेत आली. चार दिवस त्यात गेले. मग त्याच्या लक्षात आलं की दार आधीपासूनच आहे. दोरी पुढे असते तेव्हा ती तिरांच्या खाली असते आणि वरचे तीर तिच्यावर अडून राहतात. ती मागे खाचेत गेली की तळाची पन्हळ मोकळी होते आणि सगळ्यात खालचा तीर स्वतःच्या वजनाने तिच्यात पडतो. बाकीचे त्याच्यावर टेकून थांबतात. जी दोरी तिराला मारते तीच पुढच्या तिराला अडवते. जीभ त्याने काढून टाकली.

मग त्याने पेटीला नवा तळ बसवला आणि दहा नवे तीर केले. जुन्या दोन तिरांना पिसं नव्हती, ती माळ्यावर कसर, म्हणजे कीड, लागून गेली असतील असं त्याने धरलं. वऱ्हाडात कातडं, लोकर, पीस दोन पावसाळे पडून राहिलं की कसर ते ठेवत नाही. बाणाला पीस असतंच. नत्थुजीने मोराची पिसं आणून दिली. पुंजारामने ती बारीक कातरून सरसाने चिकटवली. गोदाबाईने दोन दुपारी अंगणात सराव केला. दहाही तीर सुटले.

शनिवार या वावरातल्या वेचणीचा पहिला दिवस. धुऱ्यावर सात खडे मांडून सीतादहीची पूजा झाली, दहीभाताचा नैवेद्य ठेवला, आणि बायका ओळी धरून आत शिरल्या. गोदाबाई कडुनिंबाखाली बसली. कमठा तिने शेजारी गवतावर ठेवला. गवत ओलं होतं. कासराभर दिवस वर आला असेल तेव्हा नाल्याच्या बाजूने लांडगा आला. तिने पहिला तीर मारला, तो चुकला. दुसरा त्याच्या पायांसमोर मातीत रुतला आणि तो दोन पावलं मागे झाला. तिसऱ्या वेळी दांडा आला, दोरी सुटली, तीर नव्हता. चौथ्या वेळीही नव्हता. लांडगा तिच्याकडे पाहत होता. ती ओरडली, बायका धावत आल्या, आणि तो गेला. चालत गेला, असं गोदाबाईने घरी सांगितलं. पळाला नाही.

*

नत्थुजी सातच्या सुमारास छपरीत आला, तेव्हा पुंजाराम रंधा पाजवत होता.

"काय मिस्तरी, तिळगूळ करून राहिले काय?"

"पेटी फुगली हाय दवानं," पुंजाराम म्हणाला. "फट कमी झाली."

"पेटी नाई फुगली, तो लांडगा फुगला हाय. आपल्या बायायनं त्याले आधी दहीभात वाढला, मंग दोन काड्या फेकल्या. त्याले वाटलं, पाव्हनचार हाय." नत्थुजी उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "आताच तिकून आलो. झाडाखाली पाय उमटले हायेत त्याचे. तीन फेरे घातले झाडाले."

"झोळ्या तं काल सोडून आनल्या."

"झोळ्या आनल्या. वास राहते ना बाप्पा."

पुंजारामने रंध्याचं पातं अंगठ्यावर पाहिलं. नत्थुजी म्हणाला, "तुमीच जा ना उद्या पेटी घेऊन. बुढीचा हात तो असा."

उत्तर नत्थुजीलाही माहीत होतं. कडुनिंबाखाली चौघी लेकुरवाळ्या मुलांना पाजायला येतात. त्यातली एक पुंजारामची सून. जिथे सून पाजायला बसते तिथे सासऱ्याने बसायचं नसतं. परक्या बायका पाजत असतील तिथे तर नाहीच. तो आला तर बायका झाडाखाली येणार नाहीत आणि मुलं उपाशी रडतील. फार तर धुऱ्यावर बसता येईल. धुरा झाडापासून दोनशे पावलांवर होता आणि लांडग्याला लागतात बारा.

"पेटी नीट झाली तं कोनी जायाची गरज नाई," पुंजाराम म्हणाला.

पेटी फुगली या निदानाला कारण होतं. पावसाळ्यात रेच्याची लाकडी लाट फुगते, फट बुजते आणि रुई अडकते; तेव्हा लाट कातून फट मोकळी करावी लागते. हे काम त्याने शेकडो वेळा केलं होतं. काही अडकलं की फट पाहायची, हा त्याच्या हाताचा धर्म झाला होता. त्याने पेटीच्या आतल्या दोन्ही भिंती दोन-दोन तीळ रंधून फट रुंद केली. नऊ वाजले तेव्हा तीर ओले करून त्याने पेटी भरली आणि दांडा मारला.

पहिल्या दोनांनंतर पेटी अडकली. झाकण नसलेल्या पेटीत वरून पाहिलं तर दोन तीर एकमेकांशेजारी आडवेतिडवे होऊन बसले होते. रुंद पेटीत त्यांना बाजूला सरकायला जागा मिळाली होती. त्याने हलवून पाहिलं. मग उलटी करून आपटली. पुन्हा भरली. या वेळी पहिलाच तीर आला नाही.

काल दोन सुटले होते. आता एकही नाही. रंधलेलं लाकूड परत येत नाही.

*

घरात शकुनने मुलीला पायांवर घेऊन तेल लावायला घेतलं होतं. शकुन गोवर्धनची बायको, एकोणीस वर्षांची. ती सासऱ्याशी थेट बोलत नसे. छपरी आणि घर यांच्यामध्ये आडोशाला बांबूचा एक तट्टा होता. तट्ट्याअलीकडे बसलेल्या गोदाबाईला ती सांगे, पुंजाराम ते पलीकडे ऐके, आणि गोदाबाई तेच पुन्हा एकदा सांगे. तसं करायची गरज नव्हती, पण पद्धत होती.

"आत्याबाई, मामाजीले इचारा. उद्या होईन काय?"

"सांग तिले, होईन," तट्ट्यापलीकडून पुंजाराम म्हणाला.

"होईन म्हन्तेत."

"आवाज तं नाई होनाऱ्या मान्साचा."

गोदाबाईने हे पुढे पोचवलं नाही. पुंजाराम म्हणाला, "नाई झालं तं तिले म्हना, घरी राय. एक दिवसानं पाटलाचं काई अडत नाई."

"अडते," शकुन म्हणाली. या वेळी ती सासूकडे पाहत नव्हती. "मी राहीन घरी. मंग आत्याबाई कोनासाठी जातीन? त्याबी घरीच. बाकीच्या तिघी जानारच हायेत. त्यायच्या तीन झोळ्या बिनराखनीच्या. हे आत्याबाई, तुमी मामाजीले नका सांगू. माह्यंच मी बोलून राहिलो."

तट्ट्यापलीकडून पटाशी लाकडावर चालू झाल्याचा आवाज आला, मग थांबला.

अकराच्या सुमाराला गोदाबाई छपरीत गेली. शनिवारच्या गडबडीत तिने तीर टोपलीत टाकून आणले होते, मातीतला रुतलेलासुद्धा, आणि सकाळी पुंजारामने त्यातलेच ओले केले होते. ते आता कट्ट्यावर पडले होते. तिने एक उचलला तर दोन आले. दवाने आणि मातीने भिजलेली पिसं एकमेकांत गुंतली होती. तिने एकावर एक धरून हात तिरपा केला. वरचा तीर पडला नाही. हात उलटा केला, तरी लोंबकळत राहिला.

"हे पाहा," ती म्हणाली.

"पाह्यलं. पिसं हायेत, लागतीनच जराशी. पेटी नीट असती तं..."

"पेटी राहू द्या घडीभर. पिसं लावले कावून?"

"बाणाले पीस असतेच."

"सरकीलेबी लव असतेच," गोदाबाई म्हणाली. "तशीच पेरता काय तुमी?"

हे कळायला वऱ्हाडात जन्मावं लागतं, आणि पेरणीला जावं लागतं. सरकीच्या दाण्याला बारीक लव असते. तशीच मुठीत घेतली तर दाणे एकमेकांना धरून गोळे होतात. सरत्याच्या, म्हणजे तिफणीमागे बांधलेल्या पेरणीच्या, नळीतून कधी पाच पडतात, कधी एकही नाही. म्हणून पेरणीच्या आदल्या दिवशी बायका सरकी शेणात आणि राखेत घोळतात, लव बसवतात, वाळवतात. मग दाणा दाण्यापासून सुटतो. गोदाबाईने लग्नाआधीपासून सरत्यामागे चालून सरकी टाकली होती. पुंजारामने शेकडो सरते केले होते, पण एकातूनही दाणा टाकला नव्हता.

"सरत्यात सरकी अडकली," ती म्हणाली, "तं नळी कोरत बसते काय कोनी?"

पुंजारामने फळीवरून ते दोन जुने चिनी तीर काढले आणि दारात उजेडाला नेले. शेपटाकडचा भाग फिरवून फिरवून पाहिला. पीस कसरीने खाल्लं तर सरसाचा डाग राहतो, दोऱ्याने बांधलं असलं तर दोऱ्याचा वण राहतो. बांबूवर डाग नव्हता, वण नव्हता. तिथे कधी पीस नव्हतंच. पेटीवरचा प्रत्येक घासलेला कोपरा त्याने आठ दिवस वाचला होता, तिरांची शेपटं वाचली नव्हती.

"कोरड्यात चालत होते," तो म्हणाला.

"कोरड्यात सरकीबी चालते दोन-चार दाने."

त्याने चाकू घेतला आणि पिसं तासायला सुरुवात केली.

*

पिसं काढणं सोपं होतं. अवघड होती ती सकाळी स्वतःच रुंद केलेली पेटी. नवी करायला वाळलेला साग हवा, आणि वेळ. पुंजारामने बांबूच्या दोन सपाट पट्ट्या काढल्या, पेटीच्या आतल्या भिंतींना सरसाने चिकटवल्या, मध्ये पाचर ठोकली आणि वरून सुतळीने आवळून उन्हात ठेवली. सरस धरायला चार तास लागतात. हिवाळ्यात जास्त. दर अर्ध्या तासाने तो उठून पेटीला हात लावून येत होता. हात लावल्याने सरस लवकर धरत नाही हे त्याला माहीत होतं. गोदाबाईने मधल्या वेळात दहाही तीर चाळलेल्या राखेत घोळवून कापडाने पुसले. लव नव्हतीच, तरी पुसले.

चार वाजता नत्थुजी परत आला. खाली पडलेली पिसं त्याने पाहिली.

"अन माह्ये मोर?"

"तुमच्या पागोट्यात खोवा," गोदाबाई म्हणाली. "उठून दिसान तरी."

"हे मस्करीचं नाई भाभी. बिनपिसाचा तीर सरळ जात नाई. आडवा होते."

नत्थुजीचं खरं होतं. साडेचारला पाचर काढली. घराच्या मागच्या भिंतीला सरकीचं रिकामं पोतं टांगलं आणि चाळीस पावलांवरून पुंजारामने पहिला तीर सोडला. तो अर्ध्या वाटेत फिरला आणि पोत्याला आडवा आपटून खाली पडला. पंचवीस पावलांवरून दोनांत एक रुतला. पंधरावरून तिन्ही रुतले, बोटाच्या एका पेराएवढे.

"इतक्यानं लांडगा मरत नाई," नत्थुजी म्हणाला.

"मारायचा नाई हाय. हाकलायचा हाय," पुंजाराम म्हणाला.

"दुरूनच हाकलायले पायजे."

"काल बारा पावलांवर आला होता," गोदाबाई म्हणाली. "मी मोजले. तिकून तिथवर काई मले दिसलाच नाई, कपाशीची पराटी ही एवढी उंच. आता काय करता, तिथूनच मारन."

तिने कमठा घेतला. पुंजारामने तीर पाण्यात बुडवून काढले आणि तसेच ओले पेटीत भरले. बारा पावलं मोजून ती उभी राहिली, ठोकळा कमरेला लावला, आणि डाव्या हाताने धरून उजव्याने दांडा पुढे-मागे केला. उजवा हात खांद्याच्या वर न्यावा लागला नाही. खट. तिने मध्ये थांबून पाहिलं नाही. खट, खट. पुंजाराम पोत्याकडे पाहत नव्हता; तो पेटीच्या वरच्या तोंडाशी वाकून तीर खाली जाताना मोजत होता. नऊ गेले. दहाव्या वेळी दोरी रिकामीच सुटली. शेवटचा तीर पन्हळीच्या काठावर तिरपा राहिला होता.

शकुन दारात मुलीला घेऊन उभी होती.

"नऊ काय कमी हायेत काय," नत्थुजी म्हणाला.

पुंजारामने पुन्हा भरून घेतलं. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदाही नऊ. चूक दर वेळी तीच असेल तर ती सापडते. वरच्या तिरांचं ओझं खालच्याला दाबत होतं. शेवटच्यावर ओझंच नव्हतं, आणि ओला बांबू इतका हलका की लाकडाला चिकटून राहत होता. त्याने छपरीत जाऊन अर्धवट पडलेल्या एका रेच्याची लोखंडी पट्टी काढली, पेटीत वरून बसेल अशी कापली, आणि दोन्ही टोकांना कान काढले. पट्टी तिरांवर बसून त्यांच्याबरोबर खाली येईल. पन्हळीपर्यंत पोचण्याआधी तिचे कान पेटीच्या दोन खाचांत अडतील, म्हणजे दोरी तिच्यावर आपटणार नाही. कानस चालवायला आणि खाचा पाडायला तासभर गेला. सूर्य टेकला होता.

ओल्या तिरांनी पेटी भरली. गोदाबाईने दांडा मारला. दहा. पुन्हा भरली. दहा. तिसऱ्यांदा पोतं नीट दिसत नव्हतं, तरी दहा. पुंजारामला चौथी फेरी हवी होती, पण दोरीचे दोन पीळ विरले होते. त्याने दोरी बदलायला घेतली.

"एक इचारतो, मिस्तरी," नत्थुजी उठता उठता म्हणाला. "दहाबी गेले, अन तो तिथंच उभा राह्यला तं?"

पुंजाराम पीळ घालत राहिला. पोत्याला कातडं नव्हतं आणि भीती नव्हती. लांडग्यावर प्रयोग झालेला नव्हता.

"आत्याबाई," शकुन दारातून म्हणाली, "मामाजीले सांगा, उद्या कमठा गवतावर ठेवाचा नाई. तुमी मांडीवरच ठेवजा. अन मी झाडाकडची ओळ घेतो. माह्या हातात विळा राहीन."

"ऐकलं म्हना," पुंजाराम म्हणाला. मग नवी दोरी ताणून पाहत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "मी धुऱ्यावर बसतो. झाडाकडं पाठ करून. आवाज आयकू येते तिथवर. दोरीचा आवाज मोजता येते."

गोदाबाईने सुनेकडे पाहिलं. शकुनने डोक्यावरचा पदर नीट केला आणि आत गेली. तो होकार होता.

सोमवारी खजिन्यावर सहाचे टोले पडले की चौदा बायका वावराकडे निघतील. वेचणी दव असेपर्यंतच चालते. ऊन चढलं की पराटीची वाळकी पानं चुरून कापसाला लागतात. म्हणजे त्या दहाच्या आत परत फिरतील आणि सगळं काम ओल्यातच होईल. कमठ्याच्या पेटीत दहा तीर असतील, आणि त्यांच्यावर एक लोखंडी पट्टी.